खालचं वाचता येईल अशी रेघ

दामिनीने मोजून ठेवले होते नऊ, आणि फोनवर दिसत होते अकरा. मंगळवारची दुपार, वाशिंदच्या कारखान्यातलं कँटीन, डब्यात वालाची आमटी. पहिला घास हातात धरूनच तिने कॉलेजचं पोर्टल उघडलं होतं, तेही मनाची तयारी करून, दात काढून घ्यायला माणूस खुर्चीत बसतो तशी. सोळा रविवार, त्यातले बारा हजर असलेच पाहिजेत, नाहीतर मापनशास्त्राच्या परीक्षेला बसता येणार नाही, हा नियम तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. पंधरा रविवार होऊन गेले होते. सहा बुडाले होते: एक सासूबाईंच्या मोतीबिंदूचा, एक स्वतःच्या तापाचा, एक नणंदेच्या हळदीचा, एक भातकापणीचा, आणि शेवटचे लागोपाठचे दोन कारखान्याच्या ऑडिटचे. राहिले नऊ. येत्या रविवारचा शेवटचा धरून दहा. म्हणजे दोन कमी, म्हणजे सेमिस्टर गेलं, एवढं साधं ते गणित होतं. आणि आता कॉलेजच्या कारकुनाने सगळ्या टर्मची हजेरी एकदम चढवली, तर तिच्या नावापुढे अकरा. तिने बोटाने पान वर सरकवलं, खाली सरकवलं. जास्तीच्या दोन हजेऱ्या नेमक्या ऑडिटच्या रविवारांपुढे होत्या. दुसऱ्या कुठल्या बाईने कँटीनमध्ये पेढे वाटले असते. दामिनीने घास परत डब्यात ठेवला आणि आपल्याकडे कोण बघतंय का ते बघितलं.

सतरा वर्षं ती कॅलिब्रेशनच्या खोलीत होती. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे, कारखान्यात जे जे काही आकडा दाखवतं ते तिच्या टेबलावर यायचं आणि खरं बोलतंय की खोटं ते ती ठरवायची. कुठल्याही काट्यावर पहिल्या नजरेत विश्वास ठेवायचा नाही, याचाच तिला पगार होता. हा धंदा हळूहळू माणसाच्या अंगात मुरतो. नवरा अनिल सबस्टेशनवरून फोन करून ‘पाच मिन्टात आलो’ म्हणाला की ती मनातल्या मनात चाळीस लिहायची. दूधवाल्याचं माप, भिंतीवरचं घड्याळ, नणंदेचं ‘बरी हाय मी’, सगळ्याला तिने आपली एक दुरुस्ती लावून ठेवली होती. अनिल म्हणायचा, तुझ्या हातात थर्मामीटर दिला तर तू तापालाच विचारशील, तू खरंच आलायस का. तो हसून म्हणायचा, तीही हसायची, आणि हसता हसता त्याच्या हसण्यात किती टक्के खरं आहे ते बघायची. तेव्हा आपल्या फायद्याचा आकडा समोर आला म्हणून ती खूश होईल, हे शक्यच नव्हतं. फायद्याचा चुकीचा आकडा सगळ्यात वाईट. तोट्याची चूक माणूस आरडाओरडा करून काढून घेतो. फायद्याची चूक तशीच आत बसून राहते, आणि ज्याने ती केली त्याला माहीत असते.

कोणी केली असेल? दुपारभर ती एका गेजवर वजनं चढवत होती, उतरवत होती, आणि माणसं आठवत होती. कारकून? तो माणूस स्वतःच्या बायकोचं नाव फॉर्मवर लिहायलाही दोन दिवस लावील, असल्या भानगडीत तो पडणार नाही. पंकज? पंकज तिच्याबरोबर शिकणारा, अठ्ठावीस वर्षांचा, आसनगावचा, मुरबाडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. तिला ताई म्हणायचा, तिच्या नोट्स मागायचा, आणि परत करताना त्यावर चहाचा गोल उमटवून द्यायचा. त्याने दयेपोटी सही ठोकली असेल? मग तिसरा माणूस आठवला आणि तिच्या हातातलं वजन वाजलं. कारखान्याचे नवे साहेब. आधीच्या साहेबांनी तिला शिकायला परवानगीचं पत्र दिलं होतं, येत्या जूनपर्यंतचं. नवे आल्या आल्या म्हणाले होते, ‘दिलेलं पत्र मी मागे घेणार नाही. पण दुसरं देणार नाही. जूनपर्यंत एम.टेक. झालं तर इंजिनिअरच्या जागेचं बघू, नाहीतर आहात तिथे बऱ्या आहात.’ आहात तिथे बऱ्या. डिप्लोमा विसाव्या वर्षी, डिग्री बत्तिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून, आता चाळिशीच्या उंबऱ्यावर हे, आणि सतरा वर्षं दारावर पाटी ‘टेक्निशियन’. त्या दोन रविवारी कारखान्याच्या रजिस्टरमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिची सही होती. आता त्याच दोन रविवारी मुरबाडच्या कॉलेजच्या कागदावरही होती. एकच बाई एकाच वेळी वाशिंदला आणि मुरबाडला. हे दोन कागद कुणी शेजारी शेजारी ठेवले की झालं, ती दोन्हीकडून गेली. दया नाही ही. कुणीतरी खड्डा खणून त्यावर छान गवत पसरलं होतं.

आणि गवताच्या खालून मंगळू वर आला. तो तसा अधूनमधून यायचाच, पण आज अगदी समोर येऊन उभा राहिला. मंगळू उंबरमाळीकडचा, भट्टीवर कंत्राटी ऑपरेटर, दर दोन तासांनी तापमान बघून तक्त्यात लिहायचं काम. चार वर्षांपूर्वी एका दुपारी साडेतीनला दामिनीने तक्ता बघितला, तर चारचं तापमान आधीच लिहिलेलं. आणि चार वाजायच्या आतच वीज गेली. भट्टी गार, तक्त्यात एकशे ऐंशी. तिने त्याला आरडाओरड न करता बाजूला घेतलं आणि दुरुस्ती कशी करायची ते दाखवलं, कारण ते तिचं काम होतं. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरवायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरा आकडा, सही, तारीख. मंगळूने रेघ मारली आणि विचारलं, ‘म्हंजे बाय, खोटं लिवलेलं पण राहनारच का तितं, कायमचं?’ ती म्हणाली, ‘राहणारच. कुणी काय केलं ते दिसलं पाहिजे.’ पुढच्या आठवड्यात तो दिसला नाही. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त तक्ता नेहमीप्रमाणे वर पाठवला होता. फक्त तक्ता पाठवला होता, हे वाक्य तिने स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता त्यालाही एक दुरुस्ती लागायला लागली होती.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून शहापूरच्या फाट्यावर उतरली आणि स्कूटीला चावी लावायच्या आधी तिने पंकजला फोन लावला. सरळच विचारलं, ‘पंकज, माझी सही तू केलीस?’

‘कसली सही, ताई?’

‘मापनशास्त्राची. मागच्या दोन रविवारची.’

‘मी कशाला करू? तुमी होतात की.’

‘मी नव्हते.’

मग त्याचा समजूतदार आवाज आला, ‘ताई, लोड घेऊ नका. परीक्षेच्या टायमाला होतं असं. मी परवा गाडीची चावी फ्रिजमधी ठेवलेली.’

‘अरे, मी ऑडिटला होते दोन्ही दिवस! वाशिंदला!’

‘मग तुमच्या खुर्चीवर कोण होतं? शेवटच्या लायनीत, भिंतीकडं. स्कार्फ बांधलेला, खोकत होतात. आवाज बसलेला. मी मागं बघून हात केला, तुमी पन केलात. आनि सरांना त्ये दाताचं तुमीच विचारलंत ना?’

‘कसल्या दाताचं?’

‘म्हातारीच्या दाताचं ओ. सगळे हसले. सर नाय हसले. खिडकीबाहेर बघत राहिले, मग बोलले, याचं उत्तर मी शेवटच्या रविवारी देईन. अख्ख्या सेमिस्टरमधी सरांनी बाकी ठेवलेला हा एकच प्रश्न, आनि तो तुमचा. मी घरी पन सांगितलं, आमच्या ताई काय डोकं हाय!’

तिने फोन ठेवला. जगात म्हाताऱ्या पुष्कळ आणि दातही पुष्कळ, पण म्हातारीच्या दाताचा मापनशास्त्राशी संबंध लावील असं घर एकच होतं, आणि त्या घराची चावी तिच्या पर्समध्ये होती.

तिचा प्रबंधच भातावर होता. भाताची ओल मोजणारं स्वस्तातलं यंत्र: एक लांब नळी भाताच्या राशीत खुपसायची, वरच्या डबीवर टक्के दिसतात. भात ओलं राहिलं तर कणगीत काळं पडतं, बुरशी धरतं. तिची सासू रंगूबाई याच कामाला पन्नास वर्षं दात वापरत आली होती. खळ्यावरच्या वाळत्या राशीतून एक दाणा उचलायचा, दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे. ओला दाणा नुसता दबतो, आवाज करत नाही. वाळलेला कट् वाजतो. मग रंगूबाई सांगायची, अजून दोन उन्हं, नाहीतर, भरा. गावातल्या चार घरचे लोक पण तिच्याकडे मूठभर भात घेऊन यायचे. दामिनी सकाळी सातला घरातून निघायची, म्हणून राशीतल्या नळीचे आकडे दिवसातून तीनदा लिहायचं काम तिने धाकट्या जावेला, रविनाला लावून दिलं होतं. रविना सव्वीसची, दिराची, सुनिलची बायको. माहेर किन्हवलीकडचं. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेलं, शेवटचं वर्ष लग्नात राहिलं ते राहिलंच. कमी बोलणारी, आणि दामिनीच्या अनुभवाने कमी बोलणारी माणसं दोनच प्रकारची, एक ज्यांच्याजवळ सांगायला काही नसतं ती, आणि दुसरी.

गेल्या महिन्यात ती या पोरीला बोलली होती. वहीतले आकडे फार गुळगुळीत होते, पायरी पायरीने उतरणारे, खऱ्या जगात असं काही उतरत नाही. शिवाय प्रत्येक आकड्याशेजारी बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं: ‘आई म्हणतात, दबला’, ‘आई म्हणतात, अर्धा वाजला’. दामिनीने विचारलं होतं, ‘हे तू खळ्यावर जाऊन लिहितेस, का चुलीपुढे बसून?’ आणि वर म्हणाली होती, ‘दातांची गोष्ट लिहू नको गं यात, प्रबंध आहे हा.’ रविना वही घेऊन आत गेली होती. त्यानंतरचा जो रविवार, तोच ऑडिटचा पहिला.

झालं तर. फाट्यावर, उसाच्या रसाच्या बंद गाड्याशेजारी उभी राहून दामिनीने सगळे दाणे ओवले. दर रविवारी रविना सापगावला शिवणक्लासला जाते म्हणून निघते. ऑडिटच्या दोन्ही रविवारी कंपनीने जीप पाठवली होती, स्कूटी घरीच होती. दोन्ही सोमवारी टाकीत पेट्रोल कमी झालेलं दिसलं होतं, आणि ती सुनिलला बोलली होती, निदान सांगून तरी नेत जा. तो बिचारा शपथा घेत होता. पोरीला अपमान झोंबला होता, आणि पोरीने थंड डोक्याने आपल्याला दोन जागी बसवून ठेवलं होतं. कधीतरी एक फोन कारखान्यात, एक कॉलेजात, की दोन्ही कागद आपोआप शेजारी येतील. हे सगळं इतकं नीट बसत होतं की तिला स्वतःचाच संशय यायला हवा होता, गुळगुळीत उतरणारे आकडे तिला ओळखता येत होते ना! पण माणूस स्वतःच्या आकड्यांवर सही करून मोकळा होतो.

बुधवारी, गुरुवारी ती नुसती बघत होती. रविनाने चहा दिला, तिने कपातली साखर बघितली. रविना हसली, तिने ते हसणं कुठे संपतं ते बघितलं. दाराआड खिळ्यावर तिचं कॉलेजचं ओळखपत्र लटकलेलं असायचं. त्याची फीत ती नेहमी दोनदा गुंडाळायची, आता ती एकदाच गुंडाळलेली होती, आणि नाकाशी धरली तर रविना लावते त्या माक्याच्या तेलाचा वास. फोटोतला चेहरा दहा वर्षांपूर्वीचा, त्यावर कॉलेजचा शिक्का अर्ध्या गालापर्यंत. स्कार्फमधून नुसते डोळे दिसणाऱ्या कुठल्याही बाईने ते गळ्यात घालावं आणि दामिनी व्हावं. तिला वाटलं, इतकं सोपं आहे? आणि मग जे वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तीन सेमिस्टर ती त्या शेवटच्या लायनीत भिंतीशी बसत होती. कधी पाठीला रग लागलेली, कधी डोळ्यांवर झापड, कधी मनात उद्याच्या डब्याची भाजी. सरांना तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. तिच्या नावाने जगात एकच चांगला प्रश्न विचारला गेला होता, आणि तेव्हा ती तिथे नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत रविना आणि सासू खळ्यावर भात गोळा करत होत्या. दामिनीने फळीवरची वही काढली. आकडे तसेच, शिस्तीत. ‘आई म्हणतात’ आता नव्हतं. तिने उगाच शेवटची पानं उलटली आणि उभ्याची बसली. दात तिथे गेले होते. प्रत्येक तारखेपुढे सासूचा निकाल, ओळीने, दीड महिन्याचा. काही दिवशी यंत्र आणि दात एक बोलत होते, काही दिवशी नाही, आणि जिथे नाही तिथे पेन्सिलीने छोटा गोल. आणि त्याच्याही मागे दोन रविवार. सरांनी फळ्यावर काढलेली प्रत्येक आकृती, पट्टीने आखलेली. मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय, जे दामिनीने पुस्तकात चारदा वाचलं होतं आणि चारदा झोपली होती, ते इथे सात ओळींत होतं आणि तिला कळलं. कळलं याचा राग आला. खाली चौकटीत लिहिलेलं: ‘प्रश्न. मीटर बरोबर आहे का ते दुसऱ्या मीटरशी ताडतात, तो तिसऱ्याशी, असं वर वर जातात. आमच्या घरी सासूबाई दाताने सांगतात. त्यांचा दात कशाशी ताडायचा? आणि मीटर आणि दात वेगळं बोलले, तर खोटं कुणाला धरायचं?’ शेजारी, वेगळ्या पेनाने: ‘सर म्हणाले शेवटच्या रविवारी.’

शनिवारी तिने सुट्टी टाकली, वर्षातली चौथी. अनिल आणि सुनिल कामावर गेले. खळ्यावर रंगूबाई अनवाणी पायांनी भात पालवत होती, राशीत लांब नांगरल्यासारख्या ओळी पडत होत्या. रविना नळी खुपसून आकडा बघत होती.

‘रविना,’ दामिनी म्हणाली, ‘शिवणक्लासमध्ये कुठवर आलीस गं?’

रविनाने मान वर केली नाही. ‘पिकोवर आलो, ताई.’

‘मुरबाडला पिको चांगला शिकवतात का?’

नळी राशीत तशीच राहिली. कडेला कोंबडी दाणे वेचत होती, तिला कुणी हाकललं नाही. रविनाच्या तोंडावर जे आलं ते दामिनीला ओळखीचं होतं, मंगळूच्या तोंडावर बघितलेलं. पण बोलली ती रंगूबाई, पाय न थांबवता.

‘तिला काय इचारतंस? मी धाडली.’

‘आई, तुम्ही?’

‘मंग? तू सकाळची रडत जीपमधी बसलीस. आजची हजेरी गेली, आता बसू देनार नाय परीक्षेला, म्हनत. मी हिला बोलले, जा गो, तिच्या जागी बस. लावनीला आपुन काय करतो? एक बाय आजारी पडली तर तिच्या घरची दुसरी जाते. पात मोकली नाय ठेवायची. पात भरली का झालं, त्यात कोन कुनाला इचारतंय?’

‘आई, ते शेत नाही! तिथे माणूस स्वतःच लागतं.’

‘का? खुर्चीला काय कललं, कोन बसलंय ते?’

दामिनीला हसू येऊ घातलं आणि तिने ते दाबलं. चार दिवस तिने जो खड्डा बघितला होता, गवत पसरलेला, त्याच्या तळाशी ही म्हातारी बसली होती, लावणीची पात भरून. ‘तुम्हाला कळतंय का,’ ती म्हणाली, ‘कारखान्याचा कागद आणि कॉलेजचा कागद शेजारी ठेवला तर माझी नोकरीपण जाईल.’

‘पन ठेवतंय कोन शेजारी?’

‘मी ठेवते. माझं तेच काम आहे ना, आई.’

आता रविना बोलली. हात पदराला पुसून, हळू. ‘ताई, पयल्या रविवारी तुमच्यासाठी गेलो. आईंची शपत. सहीचा कागद आला, तुमचं नाव होतं, केली सही.’

‘आणि दुसऱ्या?’

रविना राशीकडे बघत राहिली. ‘दुसऱ्या रविवारी माझ्यासाठी गेलो.’

रंगूबाई भातातून पाय ओढत पुढे गेली. मग ती वाकली, एक दाणा उचलला, दाढेखाली धरला. तिघींनी ऐकलं: कट्. ‘झालं,’ म्हातारी म्हणाली, ‘भरा कनगी.’ दामिनीने नकळत डबीकडे बघितलं. डबी म्हणत होती, अजून एक दिवस. रविनाने वही उघडली, आकडा लिहिला, आणि पेन हातात धरून थांबली, पुढचं लिहू की नको अशी. दामिनी तिला ‘लिही’ म्हणू शकली असती. ती आत निघून गेली.

रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा रविना दारात उभी होती, ओळखपत्र हातात घेऊन. फीत दोनदा गुंडाळलेली. कालपासून दोघी एकमेकींशी मीठ दे, पाणी ठेव, एवढंच बोलल्या होत्या. दामिनीने ओळखपत्र घेतलं, गळ्यात घातलं, स्कार्फ बांधला. स्कूटी सुरू झाली तेव्हा मागून आवाज आला, ‘ताई. सर उत्तर देतील आज. लिवून आनाल?’ दामिनीने आरशात बघितलं. आरशात पोर लहान आणि लांब दिसत होती. तिने ॲक्सिलरेटर पिळला. सापगावच्या पुलावर धुकं होतं, किन्हवलीच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला, धुरळाच धुरळा, आणि सबंध रस्ताभर ती एकच गोष्ट स्वतःला समजावत होती, की काही करायची गरज नाही. आज सही केली की बारा. परीक्षा, जून, इंजिनिअर. ज्यांना माहीत आहे ती तीन माणसं, आणि तिन्ही एकाच चुलीवरची; पंकजला तर ताई विसरल्या असंच वाटत होतं. कोण ठेवतंय कागद शेजारी? म्हातारीचं बरोबर होतं. खुर्चीला काही कळत नाही. खोटं तरी काय होतं त्यात, खुर्ची रिकामी नव्हती, कुणीतरी होतं, आणि जी होती ती कदाचित तिच्यापेक्षा जास्त हजर होती. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि पुढे गेलंच नाही. खड्ड्यातून गाडी उसळली तरी ते तिथेच बसून राहिलं.

पाहुणे सर डोंबिवलीहून यायचे, कुठल्याशा प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, बारीक आवाजाचे. वर्गात पन्नासएक जण, नोकरीवाले आणि नेहमीची पोरं एकत्र. दामिनी भिंतीशी आपल्या जागेवर बसली. सरांनी फळा पुसला आणि वर्गाकडे न बघताच म्हणाले, ‘आधी एक बाकी राहिलेलं काम. मागच्या वेळी एका बाईंनी मला अडचणीत टाकलं. मी तीस वर्षं मापं तपासली, पण आठ दिवस मला तो दात सोडेना.’ पुढच्या बाकांवर हशा. ‘त्या बाई आल्यात का? शेवटच्या लायनीत होत्या ना?’

पंकजने मागे वळून बोट केलं. पन्नास माना वळल्या. दामिनी उभी राहिली. तोंडावर स्कार्फ नव्हता आता. सर चष्म्यातून बघत राहिले, क्षणभर जरा जास्तच, की तिला तसं वाटलं.

‘तो प्रश्न तुमचाच ना?’

‘हो सर,’ दामिनी म्हणाली.

बोलून झालं आणि मग तिने ऐकलं. इतकं सहज आलं होतं ते, चार वाजायच्या आधी एकशे ऐंशी लिहावं तितकं सहज. सर मान हलवून फळ्याकडे वळले. ती बसली. सर सांगत होते, सासूबाईंचा दात कशाशी ताडायचा, तर त्यांच्या कणग्यांशी. पन्नास वर्षांत किती कणग्या काळ्या पडल्या, कुणी लिहून ठेवलंय का? नसेल तर आजपासून लिहा. तेवढ्यात शेजारच्या पोराने हजेरीची फाईल तिच्याकडे सरकवली. वर आजचा कागद, खाली दोऱ्याने बांधलेले मागचे सगळे रविवार.

आजच्या कागदावर तिने आपली सही केली, ती वाकडी, घाईची, सतरा वर्षांत हजारो तक्त्यांवर केलेली. मग पान उलटलं. मागच्या रविवारी तिच्या नावापुढे सही नव्हतीच मुळी. सुबक अक्षरात पूर्ण नाव लिहिलेलं होतं, दामिनी अनिल भोईर, शाळेतल्या निबंधावर लिहितात तसं. असं तिचं नाव तिने स्वतः कधीच लिहिलं नव्हतं, इतक्या मानाने. त्याच्या आधीच्या रविवारीही तसंच, फक्त तिथे शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं होतं.

तिने पेनाचं टोपण काढलं. खोडरबर नाही, गिरवायचं नाही. दोन्ही नावांवर एकेक आडवी रेघ ओढली, बारीक, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. शेजारी जागा कमी होती, तरी बसवलं: ‘रविना सुनिल भोईर, हजर.’ खाली आपली सही आणि आजची तारीख. दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. हात स्थिर होता, कामावर असतो तसा. विभागप्रमुख बोलावतील, कारकून डोक्याला हात लावील, साहेबांपर्यंत जाईल न जाईल, जून तर गेलाच, हे सगळं ती लिहिता लिहिता एकेक करून बघत होती आणि एकेक बाजूला ठेवत होती.

फाईल पुढे गेली. पंकजने सही करायला पान धरलं, आणि सवयीने मागचं चाळलं, आणि पांढरा पडून वळला. ‘ताई,’ तो कुजबुजला, ‘हे काय केलंत?’

‘दुरुस्ती.’

‘तुमचे किती राहिले मग?’

‘दहा,’ ती म्हणाली. मंगळवारपासून पहिल्यांदा तिचा आकडा आणि कागदाचा आकडा जुळला होता. मग तिने रविनाची वही पिशवीतून काढली, शेवटची पानं उघडली, आणि शेजारच्या पोराला विचारलं, सर आत्ता काय म्हणाले ते पुन्हा सांग, मी हजर नव्हते.